गोराईच्या वाळूतलं वळं

माझी सगळी नोकरी विमा कंपनीत गेली. काम एकच, लोक ‘गेलं’ म्हणून सांगतात ते खरंच गेलंय का ते बघायचं. गोदाम जळालं, गाडी चोरीला गेली, लग्नाला जाताना बॅग हरवली. अर्जावर सगळ्यांचं सगळं गेलेलंच असतं. मी समोर बसून त्यांचाच चहा पीत आडून आडून विचारायचो. खरं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. एकदा दुपार म्हणतो, एकदा जेवणानंतर म्हणतो. पाठ केलेलं मात्र दर वेळी तस्संच बाहेर येतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण माझा त्यावर फार विश्वास होता. बाकी विश्वास ठेवायची मला सवय नव्हती.

आणि माझ्या आईचं वळं कसं हरवलं, हे माझ्या बायकोने मला जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा तस्संच सांगितलं.

वळं म्हणजे बिनखड्याची, जाड, साधी अंगठी. वडील गिरणीत होते. आईच्या अंगावर मंगळसूत्र सोडलं तर सोनं म्हणून तेवढंच. जायच्या आधी तिने ते स्वतःच्या हाताने सुनेच्या बोटात घातलं, पोटच्या मुलींना डावलून. माझ्या बहिणी त्यावरून बरेच दिवस आमच्याशी धड बोलत नव्हत्या.

मुलगा लहान असताना आमच्या बोरिवलीच्या इमारतीतली माणसं सहलीला गोराईला गेली. जेवणं झाल्यावर बायका पाण्याच्या कडेला डबे घासायला बसल्या. ‘वाळूने डबा घासताना गेलं. हात तेलकट होता, कळलंच नाही,’ हे बायकोचं वाक्य. वाळू, डबा, तेल, याच क्रमाने. आणि त्याच सुमारास मुलुंडला राहणाऱ्या तिच्या भावाने जुनी रिक्षा विकत घेतली. तोवर त्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती. मी दोन अधिक दोन मनातल्या मनात चार केले आणि गप्प बसलो. तोंडावर विचारलं असतं तर एक कडाक्याचं भांडण होऊन मिटलं तरी असतं. पण मी भाजी निवडता निवडता विचारायचो, कुठल्या बोटात होतं गं ते? ती सांगायची. पुढच्या वर्षी परत विचारायचो. ती परत तेच सांगायची. संसार चांगला चालला होता, मुलगा शिकला, नोकरीला लागला, आणि या सगळ्याच्या खाली माझा तो एक खडा तसाच टोचत राहिला.

निवृत्त झालो तेव्हा मुलाने विचारलं, बाबा, तुम्हाला काय घेऊ? मी म्हटलं, मेटल डिटेक्टर. तो हसला. मी म्हटलं, छंद हवा माणसाला, नाहीतर दिवस खायला उठतो. बायको काहीच बोलली नाही, आणि तेही मी मनात टिपून ठेवलं. वळं मिळालं तर ती खरी. नाही मिळालं तर काहीच सिद्ध होत नाही, समुद्र रोज वाळू इकडची तिकडे करतो, हे मलाही कळत होतं. तरी मी गेलो.

लांब दांडा, खाली ताटलीएवढं चक्र आणि कानाला हेडफोन असा मी पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरलो, तेव्हा सगळी गोराई माझ्याकडे वळून बघत होती. सुरूच्या झाडांत बसलेली जोडपी उठून लांब गेली. पोरं विचारायला लागली, काका, बॉम्ब आहे काय? एक हवालदार बराच वेळ मागे मागे फिरला आणि मग माझं आधार कार्ड बघून गेला. गावातल्या लोकांना वेगळीच शंका होती. त्यांना वाटलं मी कुठल्या तरी बिल्डरचा माणूस, जमिनीची मोजणी करायला आलोय. दोन माणसं हात मागे बांधून मी थांबेन तिथे थांबत होती. आयुष्यभर मी लोकांवर पाळत ठेवली, आता लोक माझ्यावर ठेवत होते. मला ते जराही आवडलं नाही.

शेवटी त्यातल्या एकाने मला होड्यांजवळ मासळी सुकत घालून बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशीकडे नेलं. तिथे तिचा शब्द चालतो हे लगेच कळलं. मी तिला मोबाइलवरच्या व्हिडिओंत ऐकलेले नियम सांगितले. खणलेला खड्डा बुजवायचा, कचरा निघाला तर सोबत न्यायचा, विचारल्याशिवाय कुणाच्या जागेत जायचं नाही, कुणाची वस्तू मिळाली तर त्याची त्याला पोचवायची. तिने बोंबील पसरता पसरता ऐकून घेतलं आणि स्वतःचे नियम घातले. होड्या आणि जाळ्यांपाशी यायचं नाही. क्रूसाजवळ खणायचं नाही. लिंबू-कुंकवाबरोबरची नाणी वाजली तरी हात लावायचा नाही.

“दर्याला दिलेलं परत घ्यायचं नाय,” ती म्हणाली. “आणि जाताना मला दाखवून जायचं, काय काय गावलं ते.”

म्हणजे ही माझी झडती घेणार. मला तिचा राग आला आणि ही बाई आपल्या खात्यात असायला हवी होती असंही वाटलं. त्यानंतर दर खेपेला जाताना मी तिच्यापुढे पिशवी ओतायचो. बाटल्यांची बुचं, गंजलेले खिळे, एक-दोन रुपयांची काळी पडलेली नाणी, जाळ्याला लावायचे शिशाचे तुकडे. शिसं ती काढून घ्यायची, बाकीचं मला परत द्यायची. पुढे पुढे माझ्यामागे कुणी फिरेना. मावशीने पिशवी बघितली म्हणजे गावाने बघितली.

बायकोही डबा घेऊन यायला लागली. फेरीबोटीत वारा छान लागतो, म्हणाली. सुरूखाली चटई टाकायची, पोळी-भाजी खायची आणि पडून राहायची. मी काय शोधतोय हे तिने एकदाही विचारलं नाही. निर्दोष माणूस निदान एकदा तरी विचारेल, असं माझ्या मनात यायचं. ही सोबतीला येते की माझ्यावर लक्ष ठेवायला येते, हे मला ठरवता येत नव्हतं. मी मात्र सहलीला आम्ही बसलो होतो ती जागा आठवून, पडक्या कुंपणाच्या समोरचा पट्टा शेतात नांगर घालावा तसा उभा-आडवा पिंजून काढत होतो.

एके दिवशी मावशी पुतणीच्या लग्नाला वसईला गेली होती. तिची जागा रिकामी होती. बायकोला झोप लागली होती. पाणी नुकतंच उतरलेल्या ओल्या पट्ट्यात हेडफोनमध्ये खणखणीत आवाज आला, बुचाचा फाटका आवाज नव्हे. खणलं, चाळणीत वाळू घेतली, हलवली. अंगठी होती. नाजूक, लाल खड्याची, कुठल्या तरी मुलीची. मी तिथेच ओल्यात बसलो. सोनं हातात असून मला फसवल्यासारखं वाटलं. खड्डा बुजवायचं भान राहिलं, एवढंच.

परतताना बोटीत मी ती बायकोला दाखवली. तिने ओढणीच्या टोकाने पुसली आणि बराच वेळ तळहातावर धरून बसली.

“कुणाचा तरी जीव टांगलेला असेल हिच्यासाठी,” ती म्हणाली. “देऊन टाका लवकर.”

मी बोटीच्या तिकीट खिडकीवर चिठ्ठी लावली, अंगठी सापडली आहे, खूण सांगून न्यावी. फोटो लावला नाही. मी एवढा भोळा नाही. मग फोन सुरू झाले. कुणाची हिऱ्याची होती, कुणाची पुरुषी जाड होती, एकाने तर उलट मलाच विचारलं, काका, कशी आहे ती सांगा ना, मग सांगतो माझी आहे का. मला जुने दिवस परत आल्यासारखं वाटलं. शेवटी घाटकोपरहून एका मुलीचा फोन आला. लाल खडा, खडा धरणारा एक दात एका बाजूने वाकलेला, आतल्या बाजूला सोनाराने कोरलेलं बारीक फूल. सगळं बरोबर होतं. रविवारी ती, तिचा नवरा आणि सासू आमच्याकडे आली.

अंगठी बघून मुलीचे डोळे भरून आले. पाण्यात उतरण्याआधी तिने दागिने रुमालात बांधून पर्समध्ये ठेवले होते, आणि पर्समधून रुमाल कुठे पडला ते कळलं नाही, असं नवऱ्याने सांगितलं. मी अंगठी तिच्या हातावर ठेवली. मला वाटलं, आता उठतील.

सासू म्हणाली, “आणि चेन?”

मला आधी कळेना. मग नवऱ्याने समजावलं. रुमालात दोन्ही होतं, अंगठी आणि चेन. एका गाठीत. अंगठी मिळाली म्हणजे चेन तिथेच असणार. मी सांगितलं, रुमाल नव्हता, चेन नव्हती, रुमाल सुटून एक वस्तू इकडे गेली असेल, एक तिकडे. बारीक चेन यंत्राला नीट कळतही नाही. नवरा मान हलवत होता, पण त्याचे डोळे माझ्या मागच्या कपाटावर फिरत होते. मग तो अगदी आदराने म्हणाला, काका, पिशवीत कुठे अडकली असेल, एकदा बघता का? सासू म्हणाली, आम्ही काही कुणावर आळ घेत नाही भाऊ, पण एवढी बारीक वस्तू मिळते आणि तिच्याबरोबरची मिळत नाही, हे जरा नवलच.

माझ्या कानशिलाला घाम आला. कारण त्यांचं चुकत नव्हतं. हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मीसुद्धा याच म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं असतं. साक्षीदार नाही. ज्या बाईला दर खेपेला पिशवी दाखवतो ती नेमकी त्याच दिवशी गावाला. मी परत सांगायला लागलो, पाणी उतरलेलं, आवाज आला, खणलं, चाळलं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी तेच शब्द त्याच क्रमाने बोलतोय. आणि त्याच वेळी माझी जुनी खोड मान वर काढत होती. चेन खरंच रुमालात होती का? मुलगी खाली बघून का बसली आहे? कुठली गाठ मारली होतीस, हे मी तिला विचारणारच होतो.

तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली. तिने ट्रे खाली ठेवला.

“हे नव्हती म्हणतात ना, म्हणजे नव्हती,” ती म्हणाली.

नवऱ्याने विचारलं, “काकू, तुम्ही समोर होतात का?”

“नाही. मी सुरूखाली झोपले होते.”

एवढं बोलून तिने सासूपुढे कप धरला. तिच्या आवाजात ना राग होता ना आर्जव. आज पाणी उशिरा येणार आहे, असं सांगावं तसं ती बोलली. त्यांनी चहा घेतला, सासूने थोडा टाकला, आणि ते गेले. जाताना मुलीने वाकून बायकोच्या पायांना हात लावला. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

बायको कप गोळा करायला लागली. मी म्हटलं, तू तर काहीच बघितलं नव्हतंस.

“नव्हतं.”

“मग?”

“मग काय? तुम्ही नाही म्हणालात ना.”

ती आत गेली, नळ सोडला. मी खुर्चीत बसून राहिलो. मला लाज वाटली. जो विश्वास तिने माझ्यावर एका दमात ठेवला, तो तिच्यावर ठेवायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिने वळूनही बघितलं नाही.

“आणि तुम्ही फिरता ती जागा चुकीची आहे,” कप विसळत ती म्हणाली. “आपण त्या कुंपणासमोर बसलोच नव्हतो.”

“कसली जागा?”

“वळं गेलं ती. दुसरं काय शोधताय तुम्ही तिथे?” तिने कप पालथा घातला. “मला वाटायचं, कधीतरी विचाराल.”

पुढच्या खेपेला ती माझ्यापुढे चालत होती. मावशी आपल्या जागेवर होती, आम्हा दोघांना एकत्र बघून तिने नुसता हात हलवला. होड्या मागे टाकून, ओहोळ समुद्राला मिळतो त्याच्या अलीकडे बायको थांबली. इथे, म्हणाली. मी तिला सरळ विचारलं, कसं गेलं? आणि ती सांगायला लागली. डब्यात बटाट्याची भाजी होती. नाही, भाजी शेजारणीच्या डब्यात, आपल्या डब्यात सुकं मटण होतं, म्हणून तर तेलकट. मुलगा मागून पाणी उडवत होता, तिने त्याला एक धपाटा घातला, कदाचित तेव्हाच गेलं असेल. किंवा त्याआधी. संध्याकाळी बोटीत बसल्यावर बोट रिकामं दिसलं, आणि मला कसं सांगायचं म्हणून ती घरी पोचेपर्यंत एकच वाक्य मनात घोकत होती. मी ऐकत राहिलो. रिक्षाचं विचारायचं मला सुचलंही नाही.

मी यंत्र खांद्यावरून उतरवलं, पण सुरू केलं नाही. मला वाटलं, आता हे यंत्र लावणं म्हणजे तिचा परत अपमान करणं. म्हटलं, राहू दे. मला आता काही शोधायचं नाही.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खुळाच आहे.

“राहू दे काय? माझ्या सासूने माझ्या बोटात घातलेलं वळं आहे ते. मला हवंय. लावा यंत्र.”

मी यंत्र लावलं. पहिल्याच आवाजाला बिअरचं बूच निघालं. ते पिशवीत टाकून मी खड्डा बुजवला. तिने वरून पायाने वाळू दाबली आणि म्हणाली, जरा डावीकडे बघा.