चाराचे आठ

सातपूरच्या कारखान्यात वाल्मीक आहेरांनी एक नियम घातला होता. टूल ज्याच्या हातून तुटेल, त्यानं फळ्यावर स्वतःचं नाव लिहायचं. सुपरवायझर असून दोनदा त्यांनी स्वतःचंही लिहिलं होतं, आणि हे ते येईल-जाईल त्याला ऐकवायचे. नाक फार मोठं माणसाचं.

त्यांच्या बायकोचं, उज्वलाबाईंचं बायपासचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी आयसीयूत भेटायला सोडलं, तेव्हा खाटेशेजारच्या पंपातून हृदयाला जोर देणारं औषध चाललं होतं. पूजा सिस्टरनं बटण दाबून पाचाचा आकडा चारावर आणला. "आता हळूहळू कमी करायचं, काका," म्हणाली आणि पलीकडच्या पेशंटकडे गेली.

कमी? बायको अजून नीट डोळे उघडेना, आणि ही पोरगी औषध तोडते? वाल्मीकरावांचं डोकं फिरलं. तीस वर्षं मशिनी चालवलेला माणूस, बटण कुठलं ते बघूनच ठेवलं होतं. इकडंतिकडं पाहिलं आणि दाबलं. पाच, सहा, सात, आठ.

थोड्याच वेळात मॉनिटर कोकलायला लागला. ठोके पंच्याण्णवचे एकशे चाळीस झाले. पूजानं धावत येऊन आकडा खाली आणला, डॉक्टरांना बोलावलं. ते तिच्यावरच उखडले.

"या औषधानं हृदय जोरात चालतं, पण त्याला ऑक्सिजनही जास्त लागतो. ऑपरेशननं थकलेलं हृदय तो आणणार कुठून? गरजेपुरतं द्यायचं, हे आता मी शिकवू तुम्हाला?"

"सर, मी चारच लावलं होतं."

"तसं लेखी द्या."

नव्यानं वाइंडिंग केलेली मोटर पहिल्याच दिवशी फुल लोडवर चालवली, म्हणून वाल्मीकरावांनी एका कामगाराला सगळ्यांदेखत झापलं होतं. ते आता आठवलं. पूजानं त्यांच्याकडे पाहिलं, तर हे आपले फरशी बघत राहिले.

ठोके तासाभरात उतरले. तिसऱ्या दिवशी उज्वलाबाई उशीला टेकून बसल्या.

"अवो, ती पूजा कुठंय? शुद्धीवर आले तेव्हा पहिलं पाणी तिनंच पाजलं मला."

"चौकशी होईपर्यंत तिला पेशंटजवळ येऊ देत नाहीत," दुसरी सिस्टर म्हणाली.

वाल्मीकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसेच उठून डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. पूजा तिथंच उभी होती, तिचा खुलासा टेबलावर पडला होता. त्यांनी पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं, 'बटण मी दाबलं. वाल्मीक पुंजाराम आहेर.' अक्षर वेडंवाकडं आलं.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि पूजाकडे पाहिलं.

"मला माहीत होतं, सर," ती म्हणाली. "मी धावत आले तेव्हा पंपाजवळून घाईनं मागं सरकताना दिसले होते काका. पण नाव घेतलं असतं तर काकूंजवळ परत कोणी सोडलं नसतं त्यांना."

वाल्मीकरावांना मान वर करता येईना.