नजमाचा कोंबडा

हे बघा, हसायचं असेल तर शेवटी हसा. मधेच कोणी 'असं कसं केलंस गं?' म्हणालं, तर मी चहा अर्धा टाकून उठेन! माती मीच खाल्ली, कबूल. पण तेव्हा मला जो संताप आला होता ना, तो अगदी खरा होता.

मी तेव्हा भातकुलीजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवायचे. कापसानं सगळ्यांचीच पार वाट लावलेली ती वर्षं. अशात वरून छापील कोंबड्यांचे कागद आले आणि हुकूम आला, लेकरांकडून रंगवून घ्या. का, तर खडू धरून धरून बोटांत ताकद येते, पुढे पेन्सिल नीट धरता येते. गावाला हे पटवता पटवता माझा घसा बसला!

"बाई, कोंबडे रंगवून पोट्टे काय कलेक्टर होनार हायेत काय?"

"होतील! निदान सही तरी नीट करतील!"

आणि आमची लेकरं रंगवायची कशी? खडू मुठीत आवळून! कोंबडा राहायचा पांढरा आणि आजूबाजूचा सगळा कागद लाल.

त्यात एक दिवस पाच वर्षांच्या नजमानं घरून कोंबडा रंगवून आणला. रेघेबाहेर एक ठिपका नाही! आधी कडेकडेनं बारीक रेघा, मग आत, सगळ्या एकाच दिशेनं. शेपटीचं पीस न् पीस वेगळं.

माझं टाळकंच सरकलं. पाच वर्षांचं लेकरू असं रंगवतं? शक्य तरी आहे का? नजमाची आई शमीमभाभी ओढण्यांवर टिकल्या लावायची. शेतातून काही हाती येईना, म्हणून अमरावतीच्या दुकानाचं काम घरी आणायची. तिचं काम मी पाहिलेलं होतं. आधी कड, मग आत, ओळीनं. हुबेहूब तोच हात! चोर सापडला की नाही?

मी तडक तिच्या दारात.

"भाभी, हे चित्र तुम्ही रंगवलं!"

"या अल्ला! बाई, मले इथं सुई खाली ठेवाले फुरसत नाही. मी कोंबडे रंगवत बसू काय?"

"मग हा हात कोणाचा?"

"पोरीचा! रोज माह्यापाशी बसून एक एक टिकली उचलून देते. तिचे बोटं तं पाहा तुमी!"

"बोटं कशाला पाहू? कागद पाहिला तेवढा पुरे! लेकरांच्या नावावर मोठ्यांनी कामं करायची? लाज नाही वाटत?"

शेजारणी बाहेर आल्या. मला अजूनच चेव आला. आईच्या मागून नजमानं डोकं काढलं.

"बाई, माहा कोंबडा जाईन न भातकुलीले?"

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर मॅडम येऊन तालुक्याच्या प्रदर्शनासाठी आमच्यातलं एक चित्र निवडणार होत्या. पोरगी आठ दिवस तेच घोकत होती.

"खोटी चित्रं नाही जात!" मी म्हणाले. ती रडायला लागली. मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण तत्त्व म्हणजे तत्त्व!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कोंबडा पेटीत कुलूपबंद केला आणि मग लक्षात आलं, पटावर मुलं वीस, चित्रं एकोणीस. मॅडम तर यायच्या बेतात! मग काय करू? एक कोरा कोंबडा घेतला, भराभर स्वतः रंगवला आणि खाली नाव टाकलं, नजमा.

असं बघू नका माझ्याकडे! मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. आणि मुद्दाम वाईट नव्हता हं रंगवला. अगदी मन लावून रंगवला होता.

मॅडम आल्या, कागद चाळू लागल्या आणि एका कागदावर थांबल्या.

"ही नजमा कोण? हिच्या बोटांत अजिबात जोर नाही. रंग सगळा रेघेबाहेर."

सगळा? साफ खोटं! दोनच ठिकाणी गेला होता!

"कणीक मळायला द्या, मणी ओवायला द्या. घरी कोणी लक्ष देत नाही का? आईला बोलवा."

शमीमभाभी आली, पदराला सुई तशीच टोचलेली. तिनं कागद पाहिला.

"हा माह्या पोरीचा नाही."

"माहा तं बाईनं पेटीत टाकला!" नजमा ओरडली.

पेटी उघडावी लागली. मॅडमनी तो कोंबडा पाहिला, एक कोरा कोंबडा नजमापुढे ठेवला आणि हातात खडू दिला. पोरगी सतरंजीवर मांडी घालून बसली. आधी कड, मग आत. रेघेबाहेर एक ठिपका नाही!

तिचा कोंबडा मॅडमच्या पिशवीत गेला, भातकुलीला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भाभीची माफी मागायला तोंड उघडलं, तर मॅडमनी माझा कागद पुन्हा उचलला. बिचाऱ्यांना खरंच काळजी लागली होती.

"मग हे कोणत्या लेकराचं? याला डॉक्टरला दाखवावं लागेल. वय काय त्याचं?"

भाभीनं माझ्याकडे पाहिलं. नजमानं पाहिलं. एकोणीस लेकरांनी पाहिलं.

"एक्केचाळीस," मी म्हणाले.