गेरार्डची ओळ

आलोयझ पितलिक गायक झाला तो गळ्याच्या जोरावर नव्हे. गळा त्याचा तेव्हाही फाटकाच होता. शिलेसियातल्या आमच्या कोळशाच्या गावात खाणीचं एक कलाभवन होतं, तिथे गिटारी आणि कर्णे कपाटात बंद असत, आणि कपाटाच्या किल्लीवाल्याशी आलोयझची दोस्ती होती, एवढंच. दिवसा तो खाणीच्या दिवेघरात काम करी. खाली उतरणारा प्रत्येक माणूस त्याच्या खिडकीशी येऊन दिवा घेई आणि वर आला की परत देई. बँडचं नावही त्यांनी 'दिवेघर' असंच ठेवलं. कुणी हसलं की आलोयझ म्हणे, "हसा, हसा. तुमचे दिवे माझ्याच हातात आहेत."

गाणी तो स्वतः लिही. ड्रम वाजवायचा गेरार्ड शोल्तिसेक, त्याचा शाळेपासूनचा जोडीदार, खाणीत सगळ्यात खालच्या पातळीवर कामाला. एका सप्टेंबरात सकाळच्या पाळीला गेरार्ड खिडकीशी आला तो कागदात गुंडाळलेला खसखशीचा केक घेऊनच. त्याचा वाढदिवस होता.

"आईनं भाजलाय. संध्याकाळी घरी ये, नाहीतर ती मला घरात घ्यायची नाही."

"नुसता केक? घसा ओला करायला काही नाही?"

"वर आल्यावर, राजा. खाली जाताना थेंब नाही. आईची शपथ आहे."

आलोयझने हसत त्याच्या हातात दिवा दिला. तो दिवा परत आला नाही.

खाली वायू साठला की घंटा वाजते आणि काम थांबतं. महिन्याचा कोळसा पुरा व्हायचा होता, म्हणून वरच्या कुणीतरी ती घंटा आधीच बंद करून ठेवली होती. चौकशीत घंटेचं नावही निघालं नाही. वाढदिवस मात्र बरोबर निघाला. गडी पिऊन उतरला आणि त्याच्याच हातून ठिणगी पडून स्फोट झाला, असं ठरलं. मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडणं सगळ्यात सोपं, तो काही उलटून बोलत नाही.

आलोयझ चौकशीच्या खोलीत गेला. "दिवा मी दिला त्याला, साहेब. तोंडाला वास नव्हता."

"तुला कुणी विचारलंय?" साहेब म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं हे खरंच होतं.

आमच्याकडे खाणकामगार गेला की खाणीचा वाद्यवृंद काळ्या गणवेशात, टोपीला तुरे लावून शवपेटीपुढे चालतो. गेरार्डसाठी वाद्यवृंद आला नाही. चूक त्याचीच ठरली होती ना! दफनभूमीपर्यंत नुसते बुटांचे आवाज ऐकू येत होते. त्याची आई ओतिलिया रडली नाही. परतताना तिने आलोयझचा दंड धरला.

"लोयझिक, माझ्या पोराला मुक्यानंच पुरलं रे. तुला गाता येतं ना? मग तू सांग लोकांना."

"सांगतो, मावशी. नाव घेऊन सांगतो."

त्याने गाणं लिहिलं. त्याच्या मधोमध एक ओळ होती: 'गेरार्ड शुद्धीत होता, झोपली होती घंटा.' त्या काळी गाण्याचा शब्दन् शब्द सेन्सॉरच्या कचेरीत दाखवावा लागे, आणि गाणारे सगळे एक युक्ती करत. जी ओळ वाचवायची तिच्याशेजारी एक मुद्दाम झोंबणारी ओळ घालायची. सेन्सॉर ती कापतो, काम केल्याच्या समाधानात घरी जातो, आणि आपली ओळ सुटते. कुत्र्याला हाड टाकावं तसंच. तेव्हा दुकानं रिकामी आणि दारापुढे लांबच लांब रांगा, म्हणून आलोयझने हाड टाकलं: 'रांगेच्या टोकाला काय विकतात हो? रांगच!'

कचेरीतल्या माणसाने कागद वाचला आणि रांगेच्या ओळीवर तो चक्क हसला. त्याची बायको बहुधा त्याच वेळी कुठल्यातरी रांगेत उभी असेल. मग पुढे वाचत गेला आणि हसू मावळलं.

"ही रांग राहू दे. पण खाणीतला अपघात? तो झालाच नाही, समजलं?" असं म्हणून त्याने गेरार्डवर काट मारली. हाड तसंच राहिलं, मांस गेलं.

मोकळ्या जागी काय गायचं? गिटारवाला एर्विन म्हणाला, "रांगच पुन्हा घे. उद्या कार्यक्रम आहे. कापलेलं गायलास तर आपल्या चौघांची नोकरी जाईल. माझं तिसरं पोर वाटेवर आहे, बाबा." आलोयझने रांग पुन्हा घेतली. प्रेक्षकांतून कुणीतरी 'रांगच!' म्हणून ओरडलं, दुसऱ्या वेळी सगळं मैदान ओरडलं. हिवाळा यायच्या आत ते गाणं रेडिओवर होतं.

रेडिओ ओतिलियाच्या स्वयंपाकघरातही होता. आलोयझ तिच्याकडे गेला तेव्हा ती बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. "छान आहे रे. लोक हसतात," एवढंच म्हणाली. मार बरा, पण हे नको, असं त्याला झालं.

त्यानंतर आलोयझने खाण सोडली. बसमध्ये झोपून, थंड कोबीची भाजी खाऊन तो सगळा देश फिरला. आणखी पुष्कळ गाणी लिहिली, त्यातली काही खरोखर चांगली होती. पण लोक एकच मागत. पुढे सरकार बदललं, सेन्सॉरची कचेरी बंद झाली, दुकानं मालाने भरली. रांगा गेल्या, तरी 'रांगच!' काही गेली नाही. सुंभ जळला पण पीळ कायम. गेरार्डची ओळ घालू, पुढच्या कार्यक्रमात घालू, असं आलोयझ दर वेळी म्हणे आणि दर वेळी लोकांच्या आरोळीपुढे कच खाई.

शेवटी ओतिलियानेच निरोप धाडला. डिसेंबरात खाणकामगारांच्या सणाला तो गावातल्या कलाभवनात गाणार होता. 'आता मागे कात्री घेऊन कुणी उभं नाही. मी येतेय,' असा निरोप होता.

ती पहिल्या रांगेत बसली होती, काळा रुमाल बांधून. आलोयझने दिवसभर ती ओळ घोकली होती. गाणं सुरू झालं, ती जागा आली, त्याने तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "रांगेच्या टोकाला काय विकतात हो?"

"रांगच!" सभागृह गरजलं.

इतक्या वर्षांत जिभेला तेच वळण पडलं होतं. त्याने गिटार खाली ठेवली. लोकांना वाटलं हीही गंमत, ते त्याच्यावाचूनच गात राहिले. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी झालेली त्याला दिसली आणि तो मागच्या दाराने धावला.

बाहेर, कोट ठेवायच्या खोलीत, ती बाहीत हात घालत होती. आजूबाजूला खाणीतून निवृत्त झालेली पाचसहा म्हातारी माणसं होती. गोंगाट नको म्हणून तीही लवकर निघाली होती.

"मावशी..."

"गाऊ नकोस," ती म्हणाली. "नुसतं सांग. इथंच, या सगळ्यांच्या देखत सांग."

आलोयझचा फाटका आवाज कसाबसा निघाला. "गेरार्ड प्यायला नव्हता. दिवा मी दिला त्याला. घंटा बंद केलेली होती."

मग तेओफिल कुचेरा, जो गेरार्डच्याच पाळीत होता, जमिनीकडे बघत म्हणाला, "ठाऊक आहे, ओतिलिया. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून."

तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोटाचं बटण तिच्या बोटांत तसंच राहिलं.

"रस्त्यात मला बघितलं की तुम्ही माना खाली घालायचात," ती म्हणाली. "मला वाटायचं, दारुड्याची आई म्हणून."