पाणी चाखणारी

तुळिंजला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीत नळ होते, नळांना पाणी नव्हतं. पाणी 'येणार' आहे असं फ्लॅट घेताना सांगितलं होतं आणि पुढची कितीतरी वर्षं ते येणारच राहिलं. तोवर आम्ही चोवीस बिऱ्हाडं टँकरच्या पाण्यावर जगलो. टँकर एक दिवसाआड सकाळी अकराच्या सुमारास यायचा. पुरुष कामाला गेलेले असायचे, त्यामुळे हा सगळा कारभार बायकांकडे होता.

त्या कारभारात माझं काम ठरलेलं होतं. ड्रायव्हरने टँकरचा पाइप खालच्या टाकीत सोडण्याआधी मागचा कॉक थोडा उघडायचा, मी ओंजळीत पाणी घ्यायचं, तोंडात घोळवून थुंकायचं, मग दुसरा घोट गिळायचा. मी मान हलवली की पाइप टाकीत जायचा. नाही हलवली तर टँकर परत जायचा. हे कुणी मीटिंग घेऊन ठरवलं नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात एका ड्रायव्हरने खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी गोड म्हणून आणलं, बाकीच्या बायका बादल्या घेऊन धावल्या आणि मी त्याला भर रस्त्यात खोटारडा म्हटलं. तासाभरात एकीची डाळ शिजेना, दुसरीच्या साबणाला फेस येईना, आणि माझं नाव झालं.

मी भुईगावची. आमची पानवेलींची आणि केळीची वाडी होती, वाडीत बावखल, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं लहान तळं. उन्हाळा चढला की समुद्राचं पाणी जमिनीखालून सरकत येतं आणि विहिरी मचूळ होऊ लागतात. पानवेलीला असं पाणी चार दिवस पडलं तरी ती मान टाकते. म्हणून वडील शिंपण्याआधी रोज पाणी चाखायचे आणि आम्हा भावंडांनाही चाखायला लावायचे. कालच्यापेक्षा आज खारेपण वाढलंय का, एवढंच सांगायचं असे. भावांना ते कधी नीट जमलं नाही, मला जमलं. लग्न होऊन फ्लॅटमध्ये आले तेव्हा वाडीतलं बाकी काहीच उपयोगाचं राहिलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर केळीचं काय करणार? ही एक जीभ तेवढी कामाला आली.

आमचे हे मला फौजदारीणबाई म्हणायचे. 'आज कुणाला आत टाकलंत?' असं कामावरून आल्यावर विचारायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. खालच्या मजल्यावरच्या बाईकडे टेलिफोन होता, समोरच्या विंगमधली नोकरी करायची, माझ्याकडे हे होतं. मी आल्याशिवाय टँकरचा पाइप हलायचा नाही.

मग एका माघात मला टायफॉईड झाला. तीन आठवडे अंथरुणात होते. ताप उतरला, अंगात थोडी ताकद आली, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. वासही गेला. पहिले काही दिवस वाटलं, तापानंतर असंच असतं. मग एक दिवस दूध उतू जाऊन करपलं, सगळं घर धुराने भरलं, तरी मला डोळ्यांनी दिसेपर्यंत कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कधीकधी नाहीही येत. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं.

मी घरी कुणाला बोलले नाही. मीठ चमच्याने मोजून टाकू लागले. एकदा भाजी अळणी झाली तेव्हा यांना म्हटलं, तुमच्या ब्लडप्रेशरसाठी कमी घातलंय. यांनी निमूट खाल्ली. घरातलं खोटं तसं लवकर पचतं.

टँकरचं काय, हा खरा प्रश्न होता. बरी झाल्यावर पहिल्यांदा खाली गेले तेव्हा बायकांनी लगेच वाट करून दिली. 'काकी आल्या, आता बघा त्याची कशी टरकते,' असं कुणीतरी म्हणालं. मी ओंजळ पुढे केली, पाणी तोंडात घेतलं. ते ओलं होतं आणि गार होतं, एवढंच कळलं. मी त्या ड्रायव्हरकडे पाहिलं. तो इकडेतिकडे न बघता सरळ माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. पाणी चांगलं निघालं.

तेव्हापासून मी पाणी चाखायचं नाटक करू लागले आणि माणसं चाखू लागले. ते फारसं अवघड नव्हतं. खोटं बोलणारा पाण्याबद्दल कमी आणि रस्त्याबद्दल जास्त बोलायचा: ट्रॅफिक किती, फाटक कसं बंद होतं, ऊन काय आहे. न विचारता देवाची शपथ घेणाऱ्याला मी सरळ परत पाठवायचे. टायरही बघायचे. खाडीकडून आलेल्या टँकरच्या टायरला काळा चिखल असायचा, पूर्वेच्या खेड्यांकडून आलेल्याला तांबडी माती. दोन महिन्यांत मी तीन टँकर परत पाठवले आणि तिन्ही वेळा मी बरोबर होते. एकाने तर जाताना कबूलही केलं. मला वाटू लागलं, जीभ गेली ते बरंच झालं, आता मला त्याहून खरं कळतं. हा माज होता, पण तेव्हा तो माज वाटला नाही.

शेजारच्या फ्लॅटमध्ये साताऱ्याकडची एक मुलगी राहायची. लग्नाला पाच वर्षं झाल्यानंतर तिला दिवस गेले होते. नवरा मुंबईला कामाला. सासू-सासरे गावी. दिवसभर ती एकटी, म्हणून माझ्याकडे येऊन बसायची. तिला सगळ्याचा वास यायचा. माझ्या फोडणीचा यायचा, तळमजल्यावर वाळत घातलेल्या बोंबलांचा यायचा, नव्या साडीचा यायचा. नाकाला पदर लावूनच जिना चढायची. मी तिला चिडवायचे, 'तुला आता भिंतीचासुद्धा वास येईल.' ती हसायची. खरं सांगायचं तर मला तिचा थोडा हेवा वाटायचा.

चैत्रात एकदा टँकर आला तो पूर्वेच्या चांदीप गावचा ड्रायव्हर घेऊन. हा माणूस मला माहीत होता, घरची थोडी भातशेती करून टँकर चालवायचा. कधी खोटं बोललेला नव्हता. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "मावशी, आज पानी आमच्या विहिरीचं नाय. मालकाने नवी विहीर दाखवलीय, गावाच्या अलीकडची. पन गोड हाय." आणि तो स्वतःच डबा भरून घटाघटा पाणी प्यायला. टायरला तांबडी माती होती. मी ओंजळ भरून तोंडात घेतली, आपली रीत म्हणून, आणि मान हलवली.

संध्याकाळी ती मुलगी तांब्या घेऊन आली. "काकी, आजच्या पाण्याला वास येतोय का हो? गटारासारखा?"

मी तांब्या नाकाजवळ नेला. त्याला वास असेल किंवा नसेल, मला दोन्ही सारखंच होतं. त्या क्षणी 'मला कळत नाही' म्हणायला काहीच लागलं नसतं. घरात आम्ही दोघीच होतो. मी तांब्या तिच्या हातात परत दिला आणि म्हटलं, "अगं, तुला आता सगळ्याचाच वास येतो."

"हो ना," ती म्हणाली आणि स्वतःवरच हसून गेली.

टाकी संपायला दोन दिवस लागले. आणखी कुणाला वास आला की नाही, मला ठाऊक नाही. आला असला तरी काकींनी चाखलंय म्हटल्यावर कोण बोलणार? पाणी उकळायची पद्धत आमच्याकडे नव्हती, आणि त्यालाही कारण मीच. चांगलं पाणी उकळून त्याची चव कशाला मारायची, असं मीच सगळ्यांना सांगत आले होते.

वैशाखात आमच्या इमारतीत कावीळ निघाली. आधी पहिल्या मजल्यावर, मग दुसऱ्या विंगमध्ये दोघांना, मग तिला. बाकीचे घरी पथ्य पाळून उठले. तिला हॉस्पिटलात नेलं. पोटुशा बाईला ही कावीळ फार वाईट, असं डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं. पाण्यातूनच आली असणार, महिनाभरापूर्वीच्या कुठल्या तरी पाण्यातून, असंही सांगितलं. तो जिन्यात उभा राहून मला हे सांगत होता आणि मी मनात दिवस मागे मोजत होते. फार मोजावं लागलं नाही. कुठला टँकर ते मला माहीत होतं.

ती वाचली. मूल सातव्या महिन्यात गेलं.

बातमी कळली तेव्हा मी कणीक मळत होते. हात थांबले नाहीत. पोळ्या केल्या, यांना वाढल्या, भांडी घासली. मला रडू यायला हवं होतं असं मला कळत होतं, पण ते कळण्यापलीकडे गेलं नाही. तोंडासारखंच आतलंही झालं होतं. मला वाटायचं, उद्या येईल, परवा येईल. यांनी विचारलं, 'बरं नाही का?' मी म्हटलं, 'उन्हाने.'

सगळ्या इमारतीला त्या नव्या विहिरीची आठवण झाली आणि सगळ्यांनी त्या ड्रायव्हरला शिव्या घातल्या. त्याचा टँकर बंद केला, मालकाने त्याला कामावरून काढलं. मालकाची ती नवी विहीर चाळींच्या गटाराला लागून होती, हे नंतर कुणीतरी बघून आलं. महिन्याभराने ड्रायव्हर स्वतः आला. गेटपाशी उभा राहिला, आत यायला तयार नव्हता. डोळे हळदीसारखे पिवळे, शर्ट खांद्यावरून उतरलेला. मला म्हणाला, "मावशी, मी पन तेच पानी पीत व्हतो. मी खोटा नाय." मी म्हटलं, "मला माहीत आहे." तो वाट बघत उभा राहिला, मी वर जाऊन बायकांना तसं सांगेन म्हणून. मी सांगितलं नाही. त्याला निर्दोष म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता.

खोटं बोलणारी माणसं ओळखण्यात मी एकदाही चुकले नव्हते. त्या दिवशीही चुकले नव्हते. माणूस खराच होता. पण मला पाणी बघायचं होतं आणि मी माणूस बघत बसले. रात्रंदिवस मी हेच स्वतःला सांगायचे. यातही एक सोय होती, हे उशिरा लक्षात आलं. टँकरपाशी माझी चूक झाली असं म्हणता येत होतं. तांब्याच्या वेळी चूक झाली नव्हती, तिथे मी समजून उमजून खोटं बोलले होते.

हॉस्पिटलातून ती माहेरी गेली आणि चार महिन्यांनी परत आली. केस विरळ झाले होते, हाताची हाडं दिसत होती. आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या दाराची कडी वाजवली. हातात पाण्याचा ग्लास होता.

"काकी, हे जरा बघा ना," ती म्हणाली. "मला आता काही कळेनासंच झालंय. माझ्या नाकावर माझा भरवसाच राहिला नाही."

मी ग्लास घेतला. सवयीने तोंडाकडे नेला. ती माझ्याकडे पाहत होती, इमारतीतल्या बायका टँकरपाशी पाहायच्या तशीच. अजूनही तिला माझ्याबद्दल काही शंका नव्हती. मी काहीही म्हटलं असतं तरी तिने ऐकलं असतं. चांगलं म्हटलं असतं तर ती प्यायली असती.

मी ग्लास ओट्यावर ठेवला. "मला चव कळत नाही," मी म्हटलं. "वासही येत नाही. टायफॉईड झाला तेव्हापासून."

ती महिने मोजत होती. ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, चेहरे मला कळायचेच.

"म्हणजे मी तांब्या घेऊन आले होते तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

ती खाली बसली. खालून कुणाचा तरी मिक्सर चालू होता, तो थांबला. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला मळमळत होतं त्या पाण्याने. पण तुम्ही म्हणालात म्हणून मी नाक दाबून प्यायले. दोन दिवस."

मला वाटलं ती ओरडेल. निदान उठून जाईल. मी तिच्यासाठी चहा टाकला, कारण हात रिकामे ठेवणं मला जमेना. कप तिच्यापुढे ठेवला. तिने तो उचलला, नाकाजवळ धरला आणि डोळे मिटून सावकाश वास घेतला. माझ्यासमोरच, काहीही न लपवता. मग प्यायली.

त्यानंतर आम्ही सहा वर्षं शेजारी राहिलो. येणंजाणं होतं, सणाला वाट्या इकडून तिकडे जायच्या. माझ्या हातचं काहीही असो, पाणी, खीर, प्रसाद, ती आधी वास घ्यायची आणि मगच तोंडात घालायची. मला एकदाही त्याचं वाईट वाटलं नाही. तिची वाटी रिकामी होईपर्यंत मी समोर बसून राहायचे.