बाहेर पडून दाखवील त्याला संत्री

शकुन भुयारची आणि माझी ओळख झाली ती आमच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरमुळे. मी अचलपूरला शाळेत भूगोल शिकवतो आणि गावातल्या वाचनालयाचा सचिव आहे. सचिव म्हणजे काय, तर ज्याच्याकडे तक्रारी येतात तो.

वाचनालयात एकच कॉम्प्युटर होता. त्यावर पुस्तकांची सूची पाहावी, जुन्या मासिकांचे अंक आम्ही मेहनतीने स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले होते ते वाचावेत, एवढाच त्याचा उद्देश. पण सारं गाव त्याच्यावर हात साफ करून जाई. कोणी लग्नपत्रिका बनवी, कोणी गाणी उतरवून ठेवी. एका बहाद्दराने पडद्यावर आपल्या बुलेटचा फोटो लावून ठेवला, तो पुढे कोणाला काढता येईना. सूची उघडायला गेलं की आधी रमीची जाहिरात नाचायची. शेवटी बेबीताईंनी त्याच्यावर मेणकापड टाकलं आणि त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला. बेबीताई आमच्या ग्रंथपाल. मी विचारलं तर म्हणाल्या, "पेपरं तरी सरळ राह्यते."

अकोल्याच्या एका मित्राने शकुनचा नंबर दिला. मी फोनवर सगळी कर्मकहाणी सांगितली. पलीकडून कोणीतरी जोरजोरात मोटर सुरू करत होतं, त्यावरून ओरडून तिने विचारलं, "लोकं काय करते त्याच्यावर?"

"सगळे सगळं करतात."

"मंग बराबर आहे. त्याले एकच काम ठेवा लागते. येते मी शनिवारी."

शनिवारी ती अकोटवरून येणाऱ्या एसटीतून उतरली. पंचेचाळिशीची, ठेंगणी, सुती साडी, खांद्याला पर्स आणि हातात एक पोतं. पोत्यात चार काळे डबे होते, पोथीएवढे. हे छोटेखानी कॉम्प्युटरच, त्यांना थिन क्लायंट म्हणतात असं मला तिने सांगितलं. पडदे आणि की-बोर्ड आम्ही जुनेच मागून आणून ठेवले होते. अकोल्याच्या एका ऑफिसने नवे घेतले तेव्हा तिने हे जुने उचलले होते. "याच्यात पंखा नाई," ती एकेक डबा टेबलावर मांडत म्हणाली, "म्हनून धूळ ओढत नाई. अन् आवाज नाई. वाचनालयात आवाज कायले पाह्यजे?"

ती मूळची दर्यापूरकडची. माहेरी काळी जमीन, तूर आणि हरभरा. लग्न होऊन अकोल्याला आली. नवरा किशोर बोअरच्या मोटरी गुंडाळतो, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तांब्याची तार भरून देतो. त्याच्या दुकानाला लागून तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मधली भिंत एक विटेची, त्यामुळे नवरा-बायकोचं बोलणं दिवसभर भिंतीतूनच चालतं.

त्या दिवशी तिचं काम मी शेजारी बसून पाहिलं. डब्यात तिने लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली. डबा सुरू झाला की सरळ वाचनालयाचं पान उघडणार, पडदाभर. खाली पट्टी नाही, वर फुली नाही, दुसरं काही उघडायला चिन्ह नाही. आमची सूची, जुने अंक, विश्वकोश, शब्दकोश आणि काही वर्तमानपत्रं, इतक्याच जागी जाता येईल. आणि बंद केलं की आधीच्या माणसाने जे काही केलं असेल ते पुसून जाईल, पुन्हा सुरू केलं की कोरं. याला किऑस्क म्हणतात, ती म्हणाली. मला हा शब्द रेल्वे स्टेशनवरच्या तिकिटाच्या यंत्रामुळे माहीत होता. तसंच हे, पण वाचायचं.

"तुमच्या गावात लाइन किती येळा जाते?" तिने मधेच विचारलं.

"विचारू नका."

"मंग मीच घालवून पाह्यते." असं म्हणून तिने चालू डब्याची पिन ओढली. बेबीताई कपाटाजवळून धावत आल्या.

"अवं बाई, जळन नं ते!"

"जळाले काय आहे त्याच्यात." तिने पिन पुन्हा लावली. डबा उठला, पण पानावर एक इंग्रजी चौकोन आला. मागच्या वेळी ब्राउझर नीट बंद झाला नव्हता, जुनं परत आणू का, असं तो विचारत होता. शकुनने कपाळाला आठ्या घातल्या. "हे नाई पाह्यजे. आपल्या लोकाले कायले प्रश्न विचारतं रे तू?" हे ती डब्याला म्हणाली. मग तिने काहीतरी लिहिलं, पिन ओढली, लावली, पुन्हा ओढली. चौकोन यायचा बंद झाला तेव्हा तिने पर्समधून बडीशेप काढून सगळ्यांना वाटली.

एक छोटा वाद मात्र झाला. बंद ठेवलेल्या संकेतस्थळाच्या पत्त्यावर कोणी गेलं तर पडद्यावर काय लिहून यावं? आमचे अध्यक्ष चिंतामणराव, निवृत्त वकील. आयुष्य अचलपूरच्या कोर्टात गेलेलं. ते म्हणाले, "सदर पृष्ठ या ठिकाणी उपलब्ध नाही, असं लिहा."

शकुनने बेबीताईंकडे पाहिलं. "ताई, कोनी चुकून तुमच्या पुस्तकाच्या कपाटामागं गेलं तं तुमी काय म्हनता?"

"मी म्हनते, अथून रस्ता नाई, मागं फिरा."

"बस. हेच लिहू." आणि तेच लिहिलं. चिंतामणरावांनी थोडा वेळ पेपर वाचल्यासारखं केलं.

संध्याकाळी जाताना तिने फळ्यावर खडूने सूचना लिहिली. मी वाचली आणि मला वाटलं, ही बाई स्वतःच्या कामाची वाट लावणार. सूचना अशी होती: 'उद्या रविवारी सर्वांनी यावे. जो कोणी या यंत्रातून बाहेर पडून दाखवील त्याला संत्र्यांची पेटी.'

रात्री ती परतवाड्याला मावसबहिणीकडे राहिली. सकाळी आली ती खरोखरच पेटी घेऊन. तिची सख्खी बहीण वरूडला दिलेली, त्यांच्या बगिच्यातला आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडची संत्री, नुकताच उतरला होता आणि त्यातली एक पेटी परतवाड्याला आली होती. पेटी दारातच उघडून ठेवली, त्यामुळे वास रस्त्यापर्यंत गेला आणि वाचनालयाचं तोंड न पाहिलेले लोकही आत आले.

अभ्यासिकेतली मुलंमुली आधी भिडली. त्यांच्यात प्राजक्ता नावाची मुलगी होती, तलाठी परीक्षेचा अभ्यास करणारी, भलती हट्टी. तिने की-बोर्डवरच्या कळांची एकही जोडी सोडली नाही. दोन बोटं, तीन बोटं, मग कोपर. कोणी पेनड्राइव्ह लावून पाहिला, डब्याने ओळख दाखवली नाही. कोणी पत्त्याच्या जागी भलतंसलतं लिहायला गेला, तर पत्त्याची जागाच नव्हती. एखादी लिंक गाठून कोणी भलतीकडे निघालाच, तर पडद्यावर बेबीताई म्हणायच्या, अथून रस्ता नाई, मागं फिरा. दर वेळी हशा. खऱ्या बेबीताई काउंटरमागे लाजून लाल झाल्या होत्या, पण कोणी नवीन आला की त्याला आधी तेच पान दाखवत होत्या.

शकुन स्टुलावर बसून संत्रं सोलत होती. "दाबा, दाबा," एवढंच म्हणायची. "अजून जोरानं. तुमच्या घरचं नाई ते."

चिंतामणराव या सगळ्या गोंधळात कोपऱ्यातल्या डब्यावर एक जुना दिवाळी अंक वाचत बसले होते. त्यांना स्पर्धेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना एक लेख आवडला आणि तो घरी न्यावासा वाटला. पानावर छपाईचं चिन्ह होतं, ते त्यांनी दाबलं. यंत्राने विचारलं, छापू की जपून ठेवू? वकील माणूस, त्यांना कागद जपून ठेवायची सवय. यंत्राने पुढे विचारलं, कुठे ठेवू? आणि एक खिडकी उघडली, तिच्यात कप्पेच कप्पे. त्यांनी एक उघडला, त्याच्या आतला उघडला.

"शकुनबाई," ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "हे मी कोणाच्या घरात आलो?"

शकुन उठली. तिच्यामागे सगळे उठले. तिने पडद्याकडे पाहिलं, मग वकिलांकडे. मला वाटलं आता हिचा चेहरा पडणार. तर ती हसायला लागली, इतकी की तिला टेबल धरावं लागलं.

"गेले," ती म्हणाली. "वकीलकाका बाहेर गेले. मीनं सारी दारं लावली अन् छपाईचं उघडंच राह्यलं."

"मी पळवाट शोधली नाही," चिंतामणराव गंभीरपणे म्हणाले. "पळवाटा शोधणं मी सोडलंय. मी सरळ दारातून गेलो, दारावर तसं लिहिलं होतं."

प्राजक्ता रुसली. दोन तास तिने बोटं झिजवली होती. मी शकुनला हळूच विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"काहून वाटन? मी एकटीनं पाह्यलं असतं तं मले ते दारच दिसलं नसतं. माह्या डोक्यात छपाई म्हनजे कागद. त्याइच्या डोक्यात छपाई म्हनजे फाइल. एका डोक्याचं काम नाई हे, गंज डोके पाह्यजे याले." चहा येईपर्यंत तिने ते दार बंद केलं. आता छापा म्हटलं की कागद सरळ काउंटरवरच्या प्रिंटरमधून निघतो, मधे कोणी काही विचारत नाही. चिंतामणरावांचा लेख त्यातून निघालेला पहिला कागद. बक्षिसाची पेटी त्यांनी तिथेच सगळ्यांत वाटून टाकली, प्राजक्ताला दोन जास्त.

त्याच वेळी सिंधूकाकू आल्या. म्हणजे चिंतामणरावांच्या पत्नी. जेवणाची वेळ टळून गेली म्हणून नवऱ्याला न्यायला आल्या होत्या. वाचनालयातली बहुतेक कपाटं त्यांनी वाचून संपवलेली, पण कॉम्प्युटरजवळ त्या कधी फिरकल्या नव्हत्या. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"काकू, या नं, बसा," शकुन म्हणाली.

"नको गं. माझ्या हातून बिघडायचं काही."

शकुनने स्टूल जवळ ओढलं आणि सांगितलं ते मी प्रथमच ऐकत होतो. लग्नाआधी दर्यापूरला तिने कॉम्प्युटरचा क्लास लावला होता. चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, आणि आत कॉम्प्युटर कापडाखाली. सर फळ्यावर की-बोर्ड काढायचे आणि मुली वहीत उतरवायच्या. पोरांना हात लावायला मिळायचा, मुलींना पाहायला. काहून, विचारलं तर म्हणत, बिघडवून ठेवसान. "मले लय दिवस खरंच वाटे," ती म्हणाली, "का आपल्या हातातच काई खोट आहे."

मग ती म्हणाली, "काकू, सकाळपासून या पोट्ट्याइनं याले इतकं तुडवलं. याचं काई वाकडं झालं नाई. कुलूप मी त्याच्यासाठीच लावते. लोकाले अडवाले नाई. लोकाइनं बिनभेव हात लावावा म्हनून."

काकू बसल्या. सूचीत शोधायच्या चौकटीत एक अक्षर दाबलं. मग दुसरं. आपलं नाव लिहायला गेल्या तर 'सिंढु' झालं. त्यांना हसू फुटलं. मग त्यांचा हात चुकून डब्याच्या बटणाला लागला आणि पडदा काळा झाला. त्यांनी हात असा मागे घेतला जणू तव्याला लागला.

"आता पाहा," शकुन म्हणाली आणि तेच बटण त्यांना पुन्हा दाबायला लावलं. थोड्या वेळात वाचनालयाचं पान हजर. कोरं, जसं सकाळी होतं तसं.

काकूंनी पानाकडे पाहिलं, शकुनकडे पाहिलं, आणि मुद्दाम बटण दाबून यंत्र बंद केलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद केलं. सत्तरीची बाई, एखादी शाळकरी पोर दिव्याच्या बटणाशी खेळते तशी. सगळे हसत होते, सर्वांत जास्त त्या स्वतः. मग त्यांनी प्राजक्ताकडून अक्षरं मोठी करून घेतली, जुन्या मासिकाचा एक अंक उघडला आणि त्यात बुडून गेल्या.

"जेवायचं काय?" चिंतामणरावांनी जरा वेळाने विचारलं.

"संत्री खा," काकू मान वर न करता म्हणाल्या.

त्यानंतर आमचे चार डबे एकदाही अडले नाहीत. मेणकापड बेबीताईंनी घरी नेलं. काकू मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, त्यांची खुर्ची ठरलेली आहे. प्राजक्ता अजून अधूनमधून बाहेर पडायचा प्रयत्न करते, अभ्यासाचा कंटाळा आला की. शकुनला आमच्यामुळे आणखी कामं मिळाली. वरूडला फळं बांधणाऱ्या एका शेडमध्ये तिने असाच पडदा लावला, जंगलातल्या सेमाडोहला पर्यटकांच्या माहितीच्या खोलीतही एक.

गेल्या महिन्यात मी अकोल्याला गेलो तेव्हा तिच्या दुकानात डोकावलो. ती नव्हती. शेजारी किशोर एका मोटरीत तार भरत बसला होता आणि त्याच्या भिंतीवर तसाच एक पडदा टांगलेला दिसला.

"हे तुमच्याकडे कधी आलं?"

"तिनं लावलं," किशोर म्हणाला. "मी गंज येळा नाई म्हनलो. मोटरीच्या दुकानात पडदा कायले? पन लोकं डोक्यावर उभे राह्यत, झाली का, झाली का. माहं ध्यान चुके."

तेवढ्यात एक शेतकरी आला. कोणाला काही न विचारता पडद्याजवळ गेला, आपल्या पावतीचा नंबर दाबला आणि मोठ्याने वाचलं, "तुमच्या मोटरीचं वार्निश वाळून राह्यलं. चहा पिऊन या."

"हे तिचंच लिहिनं," किशोर तारेवरून नजर न हटवता म्हणाला, पण गालात हसत होता. शेतकरी चहा प्यायला गेला. रस्त्याच्या पलीकडून शकुन येताना दिसली, हातात भाजीची पिशवी आणि काखेत आणखी एक डबा. मला पाहून तिने हात वर केला आणि रस्ता ओलांडायच्या आधीच विचारलं, "सर, वकीलकाका काय म्हनते? नवं दार सापडलं का नाई?"

मी म्हटलं, नाही. तिचा चेहरा जरा हिरमुसला. मग ती आपल्या दुकानात शिरली, डबा टेबलावर ठेवला आणि भिंतीतून ओरडून किशोरला आम्हा तिघांचा चहा सांगायला लावला.