लाल शालवाली आणि लिओकाडियाबाई

लिओकाडियाबाई आमच्या म्युझियममध्ये युद्धात गेलेली चित्रं शोधायच्या. एकतीस वर्षं! खरं तर त्यांना एकच हवं होतं, लाल शालवाली बाई. हरवलेल्यांच्या यादीत तिच्यापुढे लिहिलंय, 'रखवालदार तेओफिल याने चोरली.' तेओफिल म्हणजे यांचे वडील. पंचेचाळीस साली त्यांची नोकरी गेली, एकसष्टला ते स्वतः गेले, चोर म्हणूनच. "तेवढी ओळ खोडली की मी खुशाल घरी बसेन," बाई म्हणायच्या. बर्लिनला पत्रं, व्हिएन्नाला पत्रं. मी इथला सुतार. त्या पत्रांसाठी खोकी मीच ठोकून दिली.

यंदा, शहाण्णव साली, कॅन्टीनला रंग काढला. भिंतीवरचं कळकट चित्र मी उतरवलं, पुसलं, तर मागचा जर्मन कागद गळून पडला आणि खाली आमचाच जुना नंबर! पुढून पुसलं, तर लाल शाल. युद्धात जर्मन अधिकारी तिथे जेवायचे, त्यांनीच टांगली असणार. नंतर कुणा दिवट्याने तो कागद बघून 'जर्मनांचं कॅन्टीन-सामान, टेबल-खुर्च्यांसह' अशी नोंद केली. म्हणजे बाई एकतीस वर्षं तिच्याच खाली बसून बीटाचं सूप पीत होत्या! मला हसू फुटलं. बाई रडायला लागल्या. मग माझी मलाच लाज वाटली.

हरवलेल्यांच्या यादीतून चित्र काढायला वॉर्साहून खात्याचे वकीलसाहेब आले. म्हणाले, परत आलेल्या वस्तूच्या कागदावर दोन सह्या लागतात. घेणारं म्युझियम, ठीक. पण 'सांभाळून परत देणारा' कोण? म्युझियम स्वतःलाच कसं देणार?

"कॅन्टीनवाल्या यादविगाबाईंचं नाव टाका," डायरेक्टर म्हणाले.

"माझं? मी काय चोरीचा माल ठेवते होय?" यादविगाबाई कडाडल्या. "उद्यापासून सूप घरून आणा!"

"देणारा नसेल तर चित्र हरवलेलंच धरावं लागेल," वकील म्हणाले, चित्राच्याच चौकटीवर कोपर टेकून. "ती ओळही राहील."

लिओकाडियाबाईंनी कागद ओढला. 'सांभाळून परत देणारा' या रकान्यात वडिलांचं नाव लिहिलं आणि खाली त्यांचीच सही ठोकली.

"अहो बाई, तो माणूस मेलाय! मेलेला माणूस सही कशी करेल?" वकील ओरडले.

"मेल्यावरही पस्तीस वर्षं चोर म्हणून चालला ना तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "मग सहीही चालेल. मारा शिक्का."