तीन वाजेपर्यंतचं गार पाणी

पार्सल आलं तेव्हा मी ओट्यावर बसून लसीकरणाची यादी लिहीत होते. मी म्हसावदला आशा सेविका म्हणून काम करते, त्यामुळे यादीचं काम घरी आणणं नेहमीचंच. मुलीनं पुण्याहून काहीतरी मागवलंय एवढंच मला ठाऊक होतं. खोकं फोडलं तर आत एक गडद निळी पिशवी, शाळेच्या दप्तरासारखी पाठीवर घ्यायची. आतून सगळी चंदेरी, जाड, दाबली तर गादीसारखी दबणारी. खोक्यावर चित्र होतं. समुद्राकाठी चड्डीवर बसलेली गोरी माणसं, आणि पिशवीतून डोकावणारे बिअरचे डबे.

आमचे हे दारात येऊन उभे राहिले. त्यांनी चित्र पाहिलं, पिशवी पाहिली.

"हाई त दारूनी पिशवी शे," एवढं म्हणाले आणि आत निघून गेले.

त्या दिवसांत त्यांचं एवढं बोलणंही पुष्कळ होतं. दिवाळीनंतर त्यांच्या गालाच्या आतली गाठ सुरतेला काढली होती. पुढे रेडिएशनचा शेक दिला, रोज एक असा तीस दिवस. शेक मार्चच्या सुरुवातीला संपला, पण तोंड आतून सोललेलं राहिलं आणि लाळ जवळजवळ सुकली. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट घेतले नाहीत तर जीभ टाळूला चिकटायची. पाणीही गारच लागायचं. कोमट पाणी गेलं तरी त्यांचा हात गालावर जायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उकळून गार केलेलंच पाणी प्या, तोंड हळूहळू भरून येईल, घाई करू नका. सांगणारा सांगतो. पण ज्या माणसानं वीस वर्षं केळीच्या बागेत दिवस काढले, तो आता फ्रिजपासून वीस पावलांच्या पलीकडे जाईना. बाहेर पडायचं म्हटलं की म्हणायचे, "माले कोठेच जानं नही."

आणि मे महिन्यात भाचीचं लग्न होतं. धानोऱ्याला. माझ्या नणंदेची ती एकुलती एक मुलगी, आणि हे तिचे एकुलते एक मामा. आमच्याकडे नवरीला मांडवात मामानंच आणायचं असतं, मंगलाष्टका होईपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं असतं. नणंदेचा रोज फोन यायचा.

"वहिनी, भाऊले सांग. तो नही उना त पोर मांडवमा येनार नही. तिनी मालेच सांगेल शे."

मी फोन त्यांच्या कानाला लावायचे. ते ऐकायचे, हूं म्हणायचे, फोन मला परत द्यायचे. एकदा त्यांनी यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं लिहिलं, कारण बोलून दमले होते: दुपारचं लग्न, शाळेच्या मैदानात, सहा-सात तास. कसं करू?

ते मुलीला मी सांगितलं होतं. म्हणून ती पिशवी.

पार्सल आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पिशवीची परीक्षा घ्यायला बसले, आणि पहिली परीक्षा पार वाया घालवली. रोज लसीचा डबा हाताळणारी बाई मी, पण घरच्या पिशवीला ते ज्ञान लावायचं सुचलं नाही. उन्हानं तापलेल्या ओट्यावरची पिशवी तशीच उचलली, फ्रिजमधल्या दोन बाटल्या आत टाकल्या, वर बर्फाचा एक साचा रिकामा केला आणि गच्चीवर ठेवून दिली. मग चैन पडेना. तासातासाला जाऊन चेन उघडायची, हात घालून बघायचं, परत लावायची. बाराला बाटली खाली आणून त्यांना दिली. "बघा तर," म्हटलं. मला वाटलं होतं पाणी गार आहे. माझ्या हाताला ते गारच लागत होतं.

त्यांनी एक घोट घेतला. घोट तोंडात तसाच धरला, मग मोरीत जाऊन थुंकला. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

मी मोरीशी उभी राहिले आणि माझीच मला लाज वाटली. त्यांच्या तोंडाचा मी थर्मामीटर केला होता.

दुपारी आरोग्य उपकेंद्रात गेले तेव्हा आमच्या सिस्टरांना सगळं सांगितलं. त्या वयानं माझ्याहून लहान, नवापूरकडच्या, कधी कुणाला घालूनपाडून न बोलणाऱ्या. पण त्या दिवशी त्या हसल्या.

"ताई, लसीचा डबा तुम्ही असा उन्हात ठेवता का? आणि दर तासाला उघडता का?"

"नाही."

"मग? गरम पिशवीत बर्फ टाकला तर पिशवीच तो आधी खाऊन टाकते. आदल्या दिवशी पिशवी गार करा. जागा रिकामी ठेवू नका. आणि उघडू नका, बस." त्यांनी कपाटातून लसीच्या फ्रिजातला जुना काचेचा थर्मामीटर काढून दिला, वापरातून गेलेला. "हा न्या. भाऊंच्या तोंडानं मोजू नका."

त्या आठवड्यात आमच्या फ्रिजला उसंत नव्हती. वरच्या खणात प्लास्टिकच्या बाटल्या, पाऊणच भरायच्या, नाहीतर गोठून तडकतात. हे मी एक बाटली तडकल्यावर शिकले. खालच्या खणातलं टोपलं काढून तिथे घडी घातलेली पिशवी. जुने धुतलेले पंचे गुंडाळून तेही फ्रिजमध्ये, रिकाम्या कोपऱ्यांत कोंबायला. भाजी आणि दूध शेजारणीच्या फ्रिजमध्ये गेलं. तिनं विचारलं तर म्हटलं, पिशवीची परीक्षा चाललीय. ती म्हणाली, "मग पास होऊ दे बाई लवकर, माझ्या फ्रिजात तुझ्या वांग्यांना जागा नाही."

दुसऱ्या परीक्षेत सकाळी सातला पिशवी भरली. कडेनं गोठलेल्या चार बाटल्या, मधोमध प्यायच्या तीन: एक पाण्याची, एक दुधाची, एक नाचणीच्या पातळ पेजेची. थर्मामीटर आत, पंचे वर, चेन बंद. कडुलिंबाखाली सावलीत ठेवली आणि स्वतःला कामाला जुंपून घेतलं. दीड वाजता उघडली. आतून थंड वाफ आल्यासारखी हवा हाताला लागली. थर्मामीटरवर सात अंश. मी परत वाचलं. सातच. गोठलेल्या बाटल्यांत अजून बर्फाचे गड्डे खडखडत होते.

या खेपेला त्यांना काही सांगितलं नाही. नुसतं पेल्यात पाणी ओतून खाटेजवळ ठेवलं. ते प्यायले. अजून मागितलं. मग विचारलं, "फ्रिजमधलं शे?"

"पिशवीतलं. सकाळी सातचं."

ते उठून बसले. थर्मामीटर हातात घेऊन उजेडाकडे धरला, पिशवीत डोकावून बघितलं, पंचा उचलून परत ठेवला. शेतातल्या नव्या मोटारीकडे बघायचे तसं ते तिच्याकडे बघत होते. तो दिवस संपेपर्यंत दारूची पिशवी हा शब्द पुन्हा निघाला नाही.

तिसरी परीक्षा त्यांनी स्वतःच ठरवली. दोन दिवसांनी सकाळी मी पिशवी भरून ठेवली होती, पुन्हा लिंबाखाली ठेवायला. चुलीकडून बाहेर आले तर पिशवीही नाही आणि चपलाही नाहीत. शेजारीण म्हणाली, मळ्याच्या वाटेनं गेले, पाठीला दप्तर लावून.

साडेआठ होते. दहापर्यंत येतील असं मी धरलं. दहा झाले, अकरा झाले. फोन घरीच राहिला होता. माझ्या डोक्यात नको ते यायला लागलं: चक्कर आली असेल, चेन नीट लागली नसेल, बाटली सांडली असेल, आणि तोंड सुकलं की त्यांना हाकही मारता येत नाही. साडेअकराला मी डोक्यावर पदर घेतला आणि निघाले. मळा तसा जवळ, पण त्या दिवशी पाटाची वाट संपता संपेना.

केळीच्या ओळींत शिरले तर आधी आवाज ऐकू आला. कोयत्याचा. वाळकी पानं कापल्याचा कोरडा कचकच आवाज. आणखी आत गेले तर हे उभे होते, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, आणि निळी पिशवी सावलीत केळीच्या बुंध्याला टेकवून ठेवलेली.

"तू कसाले उनी?" त्यांनी विचारलं.

"कसाले म्हणजे? किती वाजले माहीत आहे का?"

त्यांनी कोयता खाली ठेवला, पिशवीची चेन अर्धीच उघडली, हात घालून बाटली काढली, दोन घोट घेतले आणि बाटली माझ्यापुढे धरली. "अजून थंडं शे."

मी ती बाटली गालाला लावली. आणि तिथेच कापलेल्या पानांवर बसले. ते शेजारी बसले. मला वाटतं अर्धा तास आम्ही तसेच बसलो होतो. ते बागेबद्दल बोलत होते, कुठली ओळ मागे पडली, कुठे पाणी कमी लागलं. गाठ काढल्यापासून सलग इतकं बोलताना मी त्यांना ऐकलंच नव्हतं. शब्द बोबडे येत होते, पण मला सगळे समजत होते.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः बहिणीला फोन लावला. "येस मी," म्हणाले, येतो म्हणून. पलीकडून नणंदेचं रडणं मला चुलीपाशी ऐकू आलं.

लग्नाच्या दिवशी सातला निघालो. शेजाऱ्यांची जीप होती. शहादा, प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल, नंदुरबार, मग धानोरा. हे पुढं बसले, पिशवी मांडीवर. पांढरा सदरा, डोक्याला फेटा. मैदानात उतरून पिशवी पाठीवर घेतली तसा सोयऱ्यांतला एक म्हातारा ओरडला, "काय मामा, शाळेत नाव घातलं का?" सगळे हसले. हेही हसले. एका बाजूनंच ओठ उचलला गेला, पण हसले.

मुहूर्त बारा पस्तीसचा. मी हिशेब केला होता: साडेबारा, पाऊण, फार तर दीड. परीक्षा दीडचीच घेतली होती. मांडवात पाण्याचे जार होते, पण ते अकरालाच कोमट झालेले आणि त्यातलं पाणी उकळलेलं थोडंच असणार. नणंदेचं घर मैदानापासून लांब, आणि तिच्या एका फ्रिजवर साठ पाहुण्यांचे हात. सगळी भिस्त त्या निळ्या पिशवीवर.

एक वाजला. वरात मारुतीच्या देवळापाशीच होती. बँडचा आवाज जवळ येतोय असं वाटायचं आणि पुन्हा तिथेच घुटमळायचा. दीड वाजला. नवरदेवाचे मित्र नाचत होते, कुणाचं ऐकत नव्हते. मांडवाचं कापड तापून वरून झळ येत होती. हे खुर्चीवर बसून दर वेळी चेन बाटलीपुरती उघडायचे, दोन घोट, बंद. मी पलीकडे बायकांत बसले होते, पण माझं लक्ष त्यांच्या हातावर. गालाकडे जातो का? नाही. दोन वाजले. शेजारची बाई मला तिच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती, मी हो हो करत होते. त्यातलं एक अक्षर मला आज आठवत नाही.

अडीच वाजून गेले तेव्हा वरात आली.

हे उठले. नवरीला आणायला मैदानाच्या कडेच्या शाळेच्या खोलीत गेले, मीही मागे गेले. भाची पिवळ्या शालूत, कपाळाला बाशिंग, सकाळपासून उपाशी. मामाला पाहिलं आणि तिला रडू फुटलं. रडताना तिचे कोरडे ओठ एकमेकांना चिकटत होते. ते दुसऱ्या कुणाला दिसलं असेल-नसेल, यांना लगेच दिसलं. पाठीवरची पिशवी त्यांनी उतरवली, अजून न उघडलेली पाण्याची एक जादा बाटली होती ती काढली आणि झाकण उघडून तिच्या हातात दिली.

"घे. पानी घे."

ती वरून ओतून घटाघटा प्यायली. अर्धी बाटली संपल्यावर थांबली. "मामा, केवढं गार शे!"

उरलेलं त्यांनी घेतलं. मग पिशवी माझ्याकडे दिली आणि तिला घेऊन निघाले.

मंगलाष्टका काही लवकर आटपल्या नाहीत. दोन्हीकडच्या हौशी माणसांनी आपापल्या घरच्या म्हटल्या, एका आजोबांनी तर माईक सोडलाच नाही. मी अक्षता मुठीत धरून उभी, त्या घामानं हाताला चिकटल्या. यांचा एक हात भाचीच्या खांद्यावर होता. तो तसाच राहिला. गळ्याची घाटी वरखाली होत होती, म्हणजे ते गिळत होते, म्हणजे तोंडात ओल होती. शेवटचं सावधान झालं, वाजंत्री वाजली, आणि मी टाकलेल्या अक्षता नवरा-नवरीऐवजी पुढच्या बाईच्या अंबाड्यात पडल्या.

ते परत आले तेव्हा तीन वाजून गेले होते. पिशवी त्यांनी स्वतः उघडली. गोठलेल्या बाटल्यांपैकी एकीत लिंबाएवढा बर्फ अजून होता. त्यांनी ती कानाशी हलवून दाखवली. मग पेजेची बाटली काढली, खुर्चीत मागे टेकून बसले आणि सावकाश प्यायला लागले. नणंद त्यांच्या पायाशी खाली बसली, भावाच्या गुडघ्यावर हात ठेवून.

थोड्या वेळानं नणंदच उठली आणि मला हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं. पत्रावळीवर वरण-बट्टी आली, वांग्याची भाजी, बुंदी. पहिला घास घेतला आणि कळलं, मला किती भूक लागली होती. सुरतेच्या ऑपरेशनपासून मी जेवण नुसतं उरकत होते, स्वयंपाकघरात उभ्यानं, त्यांना दिसणार नाही असं. त्या दिवशी मांडी घालून बसले. बट्टी कुस्करली, वर तूप घेतलं, वरण मागून घेतलं. वाढणारा पुन्हा आला तेव्हा मी नको म्हटलं नाही. तिसरी बट्टी घेतली आणि तीही सगळी संपवली.